अकरा की एकोणीस

त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण त्याला ते माहीत होतं, आणि वाईट वाटायचं सोडून तो त्यावर खूश होता. यावरून माणूस कसा असेल ते समजा. इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुण्याच्या खोलीला लागून असलेल्या प्रयोगशाळेत तो तीस वर्षं एकच काम करत आला होता: रोग्याच्या रक्तात अँटिबायोटिक किती आहे ते मोजायचं. औषध कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, जास्त झालं तर किडनी नाहीतर कान कामातून जातात, म्हणून पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टर आकडा मागतात. तो आकडा मिलिमीटर द्यायचा, आणि असा द्यायचा की जणू भीक घालतोय.

त्याची पद्धत जुनी आणि साधी. पातळ जेलीत साधे, निरुपद्रवी जंतू कालवायचे, जेली काचेच्या प्लेटमध्ये ओतायची, थिजली की तिला गोल भोकं पाडायची आणि भोकात रोग्याचं सीरम, म्हणजे रक्त निवळल्यावर वर येतं ते पिवळं पाणी, भरायचं. प्लेट उबेला ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतू उगवून जेली गढूळ झालेली असते, आणि औषध पसरलं तेवढ्या जागेत मात्र भोकाभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. औषध जास्त, वर्तुळ मोठं. ते कॅलिपरच्या दोन जबड्यांत धरून मोजायचं, त्याच प्लेटवरच्या माहीत असलेल्या ताकदीच्या वर्तुळांशी ताडायचं, की झालं काम. गोम एवढीच की वर्तुळाचा काठ रेघ मारल्यासारखा नसतो. तो जरा धूसर असतो. जबडा कुठे टेकवायचा ते डोळ्याने ठरवायचं, आणि अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की पंधराचे अठरा होतात.

मिलिमीटरचा डोळा चुकत नाही अशी त्याची स्वतःची खात्री होती. बाकी जगाचं सगळंच चुकतं अशीही होती. नर्सांना रक्त काढता येत नाही. डॉक्टरांना वाचता येत नाही. प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडमना दोन्ही येत नाही, म्हणून त्या मुख्य. एकदा एका नर्सने ज्या नळीतून औषध चाललं होतं त्याच नळीतून रक्त काढून पाठवलं आणि आकडा आला नव्वद. साधा फोन करून दुसरा नमुना मागवायचा की नाही? याने फॉर्मवर लिहिलं, ‘रुग्ण औषधाच्या पिंपात पडला आहे काय?’ आणि तो फॉर्म वॉर्डच्या फळ्यावर टाचणीने लावून आला. ती नर्स पुढे आठ वर्षं त्याच्याशी बोलली नाही. त्याला वाटलं, कामाचं कळत नाही म्हणून गप्प बसते.

त्याची आणखी एक सवय होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. प्लेट उघडण्याआधी तो रोग्याचा फॉर्म वाचायचा. वय, वजन, डोस किती, कधी दिला. मग मनाशी हिशेब करून वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा लिहायचा: हा माणूस चौदावर असणार, ही बाई बावीसवर. त्यानंतर प्लेट मोजायची आणि शाईने खरा आकडा लिहायचा. दोन आकडे जवळजवळ नेहमी जुळायचे. प्लेटच्या आधी आपल्याला कळतं, असं तो घरी बायकोला सांगायचा. बायको भाजी निवडता निवडता मान हलवायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, तेवढी मान हलवणं तिला परवडत होतं.

आता त्याच्या साडूकडे यायला हवं, कारण जगातल्या समस्त मूर्खांमध्ये मिलिमीटरने पहिला नंबर साडूला दिलेला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवायचा आणि त्यातून बरं चाललं होतं. घरी गेलं की आधी खिडकी सरकवून दाखवणार, मग कपाट सरकवून दाखवणार, मग चहा. हाताने करायच्या कुठल्याही कामाला तो हसायचा. ‘अजून ताटल्याच मोजता का, साडूभाऊ?’ हा त्याचा ठरलेला विनोद. दर भेटीत एकदा, आणि चार माणसं असली तर दोनदा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर पडायची पाळी आली. तिथेही माज उतरला नाही. वॉर्डातलं सगळ्यात नवं मशीन माझ्याच खाटेला असतं, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत पडून असायचा. मिलिमीटर त्याला भेटायला दोन वर्षांत तीनदा गेला, तिन्ही वेळा बायकोने ढकलला म्हणून.

त्या वर्षी प्रयोगशाळेतही यंत्र आलं. कपाटाएवढं. एका बाजूने नमुना घाला, वीस मिनिटांत दुसऱ्या बाजूने आकडा. मॅडम त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तशा बघायच्या. या मॅडमनी दहा वर्षांत स्वतःच्या हाताने एक नमुना भरला नव्हता, पण त्यांच्या खोलीत रंगीत आलेख इतके की भिंतीचा रंग कोणाला आठवत नव्हता. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस दर पंधरवड्याला पेनं वाटायला यायचा आणि मिलिमीटरला ‘सर’ म्हणायचा. मिलिमीटरने त्याचं पेन एकदाच घेतलं, ते कचऱ्याच्या डब्यात टाकायला.

नियम असा होता की जुनी पद्धत बंद करण्याआधी दोन्ही पद्धतींची तुलना करायची. साठ नमुने, प्रत्येक निम्मा यंत्रात, निम्मा प्लेटवर. ज्यांना दुसरंही अँटिबायोटिक चालू आहे ते रोगी आधीच वगळले, कारण प्लेटवरच्या जंतूंना कोणतं औषध मारतंय ते कळत नाही. बाटल्यांवर फक्त क्रमांक घालायचे. रोगी कोण, डोस किती, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. फॉर्म नोंदणीच्या खिडकीवर ठेवलेले. ही अट वाचून मिलिमीटरने नाक मुरडलं. रोगी माहीत नसताना मोजायचं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून दाढी करायची. नोंदणीचा कारकून त्याला टरकून होता. रोज दुपारी मिलिमीटर खिडकीशी जायचा, फॉर्म बघायचा, वहीत पेन्सिलीचा आकडा टाकायचा आणि मग प्लेट मोजायचा. तीस वर्षांची रीत एका कागदासाठी मोडायला तो काही दूधखुळा नव्हता.

साठांपैकी त्रेचाळीस आकडे दोन्हीकडे जुळले. सतरा जुळले नाहीत. मॅडमनी आलेख काढला आणि खाली स्वच्छ लिहिलं: सतरा ठिकाणी जुन्या पद्धतीत दोष. मिलिमीटरने तो कागद वाचून सगळ्यांसमोर जाहीर केलं की सतराच्या सतरा ठिकाणी यंत्र चुकलंय आणि मॅडमनी ते घरी नेऊन त्यात कपडे धुवावेत. झालं. त्या दिवसापासून रोग्यांचे आकडे यंत्रावरून जायला लागले. प्लेटा अजून चालू होत्या, पण फक्त अहवाल छापून होईपर्यंत. तुलनेच्या साठ प्लेटा तोवर शीतकपाटात झाकून ठेवलेल्या.

आणि त्याच आठवड्यात साडूला ताप भरला.

मानेतल्या डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात शिरले होते. व्हँकोमायसिन नावाचं औषध सुरू झालं, तुलनेत मोजलं होतं तेच. ते जंतू तेवढ्या एकाच औषधाला दाद देत होते, आणि रक्तात ते पंधराच्या वर राहिलं तरच. तीन दिवसांनी यंत्राने सांगितलं, एकोणीस. म्हणजे भरपूर. किडनी निकामी, औषध बाहेर पडत नाही, उगाच साचायला नको, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवला. ताप मात्र उतरेना. दुपारी थंडी वाजून आली की लोखंडी खाट खडखडायची. मेहुणी बाहेरच्या बाकावर थर्मास मांडीत घेऊन बसलेली, आणि आतमध्ये नवरा हळूहळू बोलायचा बंद होत चाललेला. साडू गप्प आहे हे ऐकून मिलिमीटरला पहिल्यांदा प्रकरण गंभीर वाटलं, कारण तो माणूस झोपेतसुद्धा बढाया मारायचा.

त्याने कोणाला न विचारता यंत्रातून उरलेलं साडूचं सीरम प्लेटवर लावलं. दुसऱ्या दिवशी मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं, अकरा. एकोणीस असेल तर माणसाला औषध पुरतंय. अकरा असेल तर तो उपाशी ठेवलाय आणि जंतू जेवतायत.

मिलिमीटर दोन-दोन पायऱ्या चढत वॉर्डात गेला. त्याने मोठ्या डॉक्टरांना गाठलं, प्लेट त्यांच्या नाकासमोर धरली आणि आयुष्यभर जसं बोलत आला तसंच बोलला: यंत्र गाढव आहे, त्यावर विश्वास ठेवणारे त्याहून गाढव, ताबडतोब डोस द्या. भोवती चार नर्स उभ्या. त्यातली एक ती फळ्यावरच्या फॉर्मवाली, आता वॉर्डची प्रमुख झालेली. ती पुढे येऊन काही बोलली नाही. बोलावं असं याने तिच्यासाठी कधी केलं तरी काय होतं?

मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, “तुमच्या सतरा चुका मॅडमनी मला दाखवल्यात. अठरावी ऐकायला मला वेळ नाही.”

तोंडात मारल्यासारखा तो बाहेर आला. मेहुणीने विचारलं, भावजी, काय म्हणाले? त्याने सांगितलं की बघतायत. ती म्हणाली, तुम्ही इथे आहात म्हणून मला धीर आहे. हे ऐकून त्याला तिचीसुद्धा कीव आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

घरी येऊन त्याने डॉक्टर, मॅडम, नर्स, कंपनी, यंत्र सगळ्यांचा उद्धार केला. बायको ऐकत होती. बहिणीच्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर काय, या विचाराने तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, “तुम्ही जन्मभर सगळ्यांना मूर्ख म्हणत आलात. आता एकदा खरं बोलायला गेलात, तर कोणाला फरक कळणार?”

तो ताटावरून उठला. पण रागाने उठला की काय, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली. साक्षीदार हवा. सतरा प्लेटा शीतकपाटात आहेतच. त्या दुसऱ्या कोणीतरी मोजल्या आणि आपलेच आकडे आले, तर मॅडमचं तोंड बंद. आणि तो कोणीतरी असा हवा की त्याने हातचलाखी केली असं म्हणायची सोयच नको. अशी व्यक्ती एकच होती: बाटल्या धुणारी मावशी. बावीस वर्षं ती शेजारच्या खोलीत काचा धूत होती. मिलिमीटरच्या हिशेबी तिला डोकं नावाची वस्तू नव्हतीच, आणि म्हणूनच त्याने तिला निवडली. हे त्याने तिला सांगितलंही. मावशीने पदराला हात पुसले आणि स्टुलावर बसली.

तिला कॅलिपर धरायला शिकवायला पाच मिनिटं लागली. तिने फक्त जबडे काठाला टेकवायचे आणि स्क्रू आवळायचा. पट्टीवरचा आकडा तो वाचणार. मॅडम सभेला गेल्या होत्या, तेवढ्यात उरकायचं होतं.

सतरांतल्या आठ बाटल्या डायलिसिसच्या रोग्यांच्या होत्या. फॉर्म चोरून बघितल्यामुळे ते त्याला ठाऊक होतं, मॅडमना मात्र कधी बघावंसंच वाटलं नव्हतं. त्या आठांच्या प्लेटा मावशीने आधी मोजल्या. आठही आकडे त्याच्या शाईच्या आकड्यांशी केसाएवढा फरक सोडता जुळले. यंत्राने सगळीकडे दीडपट, पावणेदोनपट वर दाखवलेलं. मिलिमीटरची कॉलर ताठ झाली. मग त्याने उरलेल्या नऊ प्लेटा पुढे सरकवल्या.

पहिलीवर तिचा जबडा त्याच्या मापाच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबला. दुसरीवर पलीकडे. तिसरीवर परत अलीकडे. तो खेकसला, नीट बघ. ती म्हणाली, बघतेय की. नऊच्या नऊ वेगळे आले. त्याने आकडे काढले. नऊही यंत्राशी जुळत होते.

त्याने तिला परत मोजायला लावलं. तेच आलं. त्याने विचारलं, कशावरून म्हणतेस काठ इथे आहे?

मावशी म्हणाली, “बावीस वर्षं काचेवरचा डाग कुठे संपतो तेवढंच तर बघतेय. तुम्ही मोजायच्या आधी वहीत काय बघता, भाऊ?”

मिलिमीटरने वही उघडली. नऊ पानं. नऊ ठिकाणी कोपऱ्यातली पेन्सिल आणि शाई गळ्यात गळा घालून बसलेली. खरा काठ एकीकडे होता, पेन्सिलीने दुसरीकडे सांगितलं होतं, आणि त्याचा तो कधी न चुकणारा डोळा मुकाट्याने पेन्सिलीच्या बाजूला अर्धा मिलिमीटर कलला होता. त्याने मावशीला क्रमांक झाकून प्लेटा उलटसुलट मांडायला सांगितल्या आणि स्वतः मोजल्या. या वेळी त्याचेही आकडे तिचेच आले. आपण तीस वर्षं मोजत नव्हतो, आपलंच म्हणणं आपण आपल्याला ऐकवत होतो, हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं आणि त्याची इतकी लाज वाटली की तो मावशीकडे बघू शकेना. किती जणांचे आकडे असे गेले असतील? नर्सच्या नावाने बोटं मोडून त्याने जे नमुने परत पाठवले, त्यांतले किती?

आठ ठिकाणी मात्र पेन्सिल खोटी ठरली होती. किडनी निकामी म्हणजे औषध साचणार, असा अंदाज करून त्याने अठरा, वीस, एकवीस लिहिले होते. वर्तुळं एवढी लहान पडली होती की डोळा कितीही कलला तरी तिथवर पोचेना, आणि त्याला नाइलाजाने शाईत अकरा, बारा लिहावे लागले होते. त्या वेळी त्याने एवढंच म्हटलं होतं की किडनीवाल्यांचा अंदाज कोणालाच लागत नाही. आता ते पान बघता बघता त्याला उलगडलं. औषध किडनीवाटे बाहेर पडत नाही, शरीरातच राहून राहून त्यातलं काही मोडतं, मरतं. यंत्राला औषधाचा आकार तेवढा ओळखता येतो. मेलेलं औषधही ते जिवंत म्हणून मोजतं. प्लेटवरचे जंतू मेलेल्या औषधाला भीक घालत नाहीत. म्हणून साडूच्या रक्तात एकोणीस दिसत होते आणि कामाचे अकराच होते.

सगळं स्वच्छ झालं आणि तिथेच फास बसला. सतरा चुका एका गठ्ठ्यात आहेत तोवर आठांकडे कोणी बघणार नाही. आठ वेगळे काढून दाखवायचे, तर नऊ कुठून आले ते सांगावं लागेल. म्हणजे अट मोडून फॉर्म बघितले ते सांगावं लागेल, पेन्सिल दाखवावी लागेल, आणि मग प्लेटा, तीस वर्षं आणि तो स्वतः, तिन्ही एकदम निकालात. आणि कोणासाठी? ताटल्या मोजता का म्हणणाऱ्या त्या खिडकीवाल्यासाठी. त्या क्षणी मिलिमीटरच्या मनात आलं की मेला तर मेला. हे त्याच्या मनात आलं होतं आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. तो तसाच माणूस होता. स्टुलावर बसून त्याने हा विचार चांगला दोन मिनिटं चघळला. मावशी समोर हात बांधून उभी होती. तिने विचारलं की प्लेटा परत कपाटात ठेवू का. तो म्हणाला, नको, ट्रेमध्ये भर.

सभेतून मॅडम आल्या तेव्हा मोठे डॉक्टर त्यांच्याच खोलीत चहा घेत बसले होते. मिलिमीटर दारावर टकटक करून आत गेला, हेच आधी दोघांना खटकलं. तो कधी टकटक करत नसे. मागे मावशी, हातात ट्रे. मॅडमनी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या.

“सतरांतल्या नऊ चुका माझ्या आहेत,” तो म्हणाला. “मी चोरून फॉर्म बघत होतो. आधी अंदाज लिहायचो आणि मग काठ अंदाजाकडे ओढायचो. ही वही. यंत्र नऊही ठिकाणी बरोबर आहे.”

मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून दुसरा कोणी असता तर निघून गेला असता. तो थांबला. त्याने उरलेली आठ पानं उघडून टेबलावर ठेवली आणि सांगितलं की आठही डायलिसिसचे रोगी आहेत, तुमच्याकडचे फॉर्म काढून बघा. इथे माझी पेन्सिल यंत्रासारखंच बोलत होती. मला चुकायचंच असतं तर मी यंत्राच्या बाजूने चुकलो असतो. मावशीने काही माहीत नसताना मोजलं तरी प्लेट अकरा-बाराच सांगते. मग त्याने नववी प्लेट ठेवली, साडूची.

मॅडम म्हणाल्या की हे सगळं अहवालानंतर सवडीने बघता येईल. मोठ्या डॉक्टरांनी मात्र कप खाली ठेवला होता. त्यांनी वही ओढून घेतली आणि आठ पानं एकेक करून वाचली. या माणसाने आजवर स्वतःची एक चूक कबूल केलेली नव्हती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका दमात नऊ कबूल करतोय म्हटल्यावर दहावी गोष्टही खरी असणार, असा सरळ हिशेब त्यांनी केला. त्यांनी तिथूनच वॉर्डात फोन लावला आणि डोस द्यायला सांगितला. फोनवर ती फॉर्मवाली नर्स होती. तिने सातव्या मिनिटाला डोस चढवला. वॉर्डात आजवर कोणी एवढ्या घाईने चढवला नव्हता.

चौथ्या दिवशी ताप उतरला. नववा दिवस उजाडला तो साडूच्या बडबडीने. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याने खाट बदलून मागितली.

अहवाल छापून आला. पहिल्या पानावर यंत्राचा फोटो. ‘मानवी दोष’ या मथळ्याखाली नऊ नमुने, सविस्तर, पेन्सिलीच्या आकड्यांच्या छायाचित्रासह. किडनीवाल्यांचे आठ तळटीपेत, बारीक टाइपात: अशा रोग्यांचे नमुने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावेत. त्या तळटीपेमुळे पुढे किती माणसं वाचणार होती याची मॅडमना कल्पनाही नव्हती, पण शोध त्यांच्या नावावर होता. प्लेटा पहिल्या तारखेपासून बंद. मिलिमीटरला निवृत्तीला राहिलेली दोन वर्षं यंत्रात बाटल्या भरायचं काम मिळालं. अट मोडल्याबद्दल एक लेखी समजही मिळाली. ती घेताना त्याने मॅडमना काही सुनावलं नाही, म्हणून मॅडमना वाटलं की अखेर याला अक्कल आली.

साडू घरी आला त्या रविवारी बायकोने मिलिमीटरला त्याच्याकडे नेलंच. खोलीत आठ-दहा माणसं होती, मध्ये साडू उशांना टेकून. वजन निम्मं झालेलं, आवाज पूर्वीचाच. तो इस्पितळातल्या नव्या यंत्राची गोष्ट सांगत होता: कसं थेंबभर रक्त घालतात, कसा वीस मिनिटांत आकडा येतो, कसं त्या यंत्रानेच त्याला मरणाच्या दारातून ओढून काढलं. मेहुणीला अर्धवट काहीतरी माहीत होतं. ती मध्ये बोलायला गेली तर त्याने तिला हाताने गप्प केलं. मग त्याची नजर मिलिमीटरवर पडली.

“या, साडूभाऊ. ऐकलं, तुमच्या ताटल्या बंद केल्या म्हणे. बरं झालं बाबा. तुमच्या ताटल्यांवर राहिलो असतो तर आज हार घालायला आला असतात तुम्ही.”

खोली हसली. बायकोने तोंड उघडलं तसा मिलिमीटरने तिचा दंड धरला आणि साडूला म्हणाला, हो. खरंय. मग उभ्याउभ्याच चहा घेतला आणि दोघं निघाले.

जिन्यात बायको थांबली. तिचे डोळे भरले होते, रागाने की आणखी कशाने कोण जाणे. ती म्हणाली, “त्याच्यासाठी तुम्ही सगळं घालवलंत. एक शब्द तरी सुनावायचा. का नाही बोललात?”

“हा माणूस वाचवण्याच्या लायकीचा नाही,” मिलिमीटर म्हणाला. “नव्हताच कधी. पण एकोणीस नव्हते त्याच्यात, अकराच होते. ते चुकीचं कसं जाऊ द्यायचं?”